चोरटं सुख, उडती चाल

पुण्यात ऑफिसच्या कॅबमध्ये आम्ही चौघं होतो. रस्ता बघायला ड्रायव्हरनं माझा फोन गाडीच्या ब्लूटूथला जोडला, आणि मॅपवाल्या बाईच्या आधी संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ सुरू झालं. तेही सुरुवातीपासून नाही, आदल्या रात्री मी जिथं थांबवलं होतं तिथून. मागच्या सीटवर कोणीतरी फिस्सकन हसलं. मी लगेच म्हणालो, “भाचीनं लावलं असेल. काल फोन तिच्याकडे होता.”

मला भाची नाही.

थाप छोटी होती आणि कुणी ती मनावरही घेतली नाही. पण मला ती पुरली. मी उघड उघड कुमार गंधर्व ऐकतो, सुरेश भटांच्या गझला ऐकतो, रेडिओहेड ऐकतो, आणि हे सगळं मला खरंच आवडतं. मग ह्या एका गाण्यासाठी मी एक अख्खी भाची का जन्माला घातली? स्पॉटिफायवर ‘प्रायव्हेट सेशन’ नावाची सोय आहे. ती चालू केली की तुम्ही काय ऐकताय ते मित्रांना दिसत नाही. म्हणजे ही लाज माझ्या एकट्याची नसावी. कुठल्यातरी टीमनं बसून तिच्यासाठी एक बटण बनवलं आहे.

इंग्रजीत ह्याला ‘गिल्टी प्लेझर’ म्हणतात. आपण चोरटं सुख म्हणू. ह्या लेखात मला दोन गोष्टी तपासायच्या आहेत. अशी गोड, उसळती, साखरेत घोळलेली गाणी करतात तरी काय? आणि ती ऐकताना वाटणारी चोरी नेमकी कुणाची, गाण्याची की आपली?

*

मराठीत अशा गाण्याला जुना शब्द आहे: उडत्या चालीचं गाणं. शब्द छान आहे, पण त्यात हलकी नापसंतीही आहे. उडतं म्हणजे ज्याचे पाय जमिनीला लागत नाहीत ते. वजनदार गाणं राहतं आणि उडतं गाणं उडून जातं, असा त्यामागचा हिशेब.

‘गुलाबी साडी’ फेब्रुवारी 2024मध्ये आलं. लिहिणारा, चाल लावणारा आणि गाणारा संजू राठोड. तो जळगाव जिल्ह्यातला, बंजारा समाजातून आलेला. ध्वनीची मांडणी जी-स्पार्कची. त्यामागे मोठा चित्रपट नव्हता की मोठा नट नव्हता. काही आठवड्यांत ते महाराष्ट्राबाहेर, मराठीचा गंध नसलेल्या लोकांच्या रील्सवर वाजायला लागलं.

हेडफोन लावून नीट ऐकलं तर पहिली गोष्ट लक्षात येते ती म्हणजे हे गाणं ओरडत नाही. आपल्याकडे नाचाचं गाणं म्हटलं की ढोल, ताशा, हलगी आणि घसा फुटेस्तोवरचा आवाज. इथं ठेका डुलणारा आहे. आफ्रिका आणि कॅरिबियन बेटांकडून जगभर पसरलेल्या नाचऱ्या पॉपला जवळचा. गायक जवळजवळ बोलल्यासारखा गातो. शब्द रोजच्या वापरातले आहेत, त्यात एकही ‘चांदणं’ किंवा ‘गंध’ नाही. आणि मुखडा एवढा सोपा की दुसऱ्यांदा येतो तेव्हा तो आपल्याला आधीपासून पाठ होता असं वाटतं.

दुसरी गोष्ट, मुखड्यात बोलते ती बाई आहे. ती नटली आहे, आपण छान दिसतोय हे तिला माहीत आहे, आणि ती समोरच्याला आपला फोटो काढायला सांगते. बस, एवढंच. ‘माझ्यावर प्रेम आहे का’ असं ती विचारत नाही. विरह नाही, रुसवा नाही. आणि हे सगळं गातो एक पुरुष. त्यामुळे गुणगुणणारा बाप्याही नकळत बाई होऊन ‘मी बघ किती भारी दिसतेय’ म्हणत असतो. कॅबमधल्या माझ्या लाजेत ह्याचाही वाटा असणार.

ह्याची तुलना आधीच्या हिट नाचगाण्यांशी करून बघा. 2006 सालच्या ‘जत्रा’मधलं ‘कोंबडी पळाली’ अजय-अतुलचं. चाल एवढी पक्की की पुढं त्यांनीच ती 2012च्या हिंदी ‘अग्निपथ’मध्ये ‘चिकनी चमेली’ म्हणून नेली. 2014च्या ‘टाइमपास’मधलं ‘ही पोळी साजूक तुपातली’ चिनार-महेशचं. दोन्ही गाणी मला आवडतात, दोन्हीवर मी नाचलो आहे. पण एका गाण्यात बाई कोंबडी आहे आणि दुसऱ्यात पोळी. दोन्हीकडे ती कुणाच्यातरी ताटात जायची आहे. ‘गुलाबी साडी’तली बाई जेवणाचा पदार्थ नाही. ती कॅमेऱ्यासमोर उभी आहे, आणि फोटो कधी काढायचा ते ती सांगते. गोड गाण्यांमध्येही असे फरक असतात. सगळ्यांना एकाच ‘थिल्लर’ नावाच्या पोत्यात भरलं की ते दिसत नाहीत.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. हे गाणं मुखड्यावर जगतं. कडवी येतात ती बसस्टँडवरच्या वेळेसारखी, पुढची गाडी येईपर्यंत काढायची म्हणून. चाल कुठं वळत नाही, वाद्यांत नवं काही उगवत नाही. ह्याचं कारण माझ्या धंद्यातल्या माणसाला लगेच कळतं. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद ऐकलं गेलं तरच ते ‘वाजलं’ म्हणून मोजलं जातं, आणि रीलला तर त्याहून कमी वेळ लागतो. ऐकणारा अंगठा सरकवायच्या आत गाण्याला त्याला पकडायचं असतं. मग सगळा जीव त्या पंधरा-वीस सेकंदांत ओतला जातो, आणि उरलेलं गाणं त्या सेकंदांना लटकलेलं राहतं.

पण यंत्रानं गाण्याला आपल्या मापात बसवणं ही आजची गोष्ट नाही. आणि लाजेचंही तसंच आहे.

*

1913 साली अमरावतीत भगवान आबाजी पालव नावाचा मुलगा जन्मला. तो मुंबईत गिरणी कामगाराच्या घरात वाढला, स्टंटपटांत मारामाऱ्या करत मोठा झाला आणि भगवानदादा म्हणून ओळखला जाऊ लागला. 1951 साली त्यानं ‘अलबेला’ काढला. दिग्दर्शक तोच, गीता बालीसमोर नायकही तोच, आणि संगीत सी. रामचंद्रांचं. ‘शोला जो भडके’वरचा भगवानदादांचा नाच आजही यूट्यूबवर बघता येतो. गुडघे थोडे वाकलेले, हात अधांतरी, खांदे हलकेच हलताहेत. अंग जाडसर, चेहरा शेजारच्या काकांसारखा. त्या नाचाची गंमत ही की तो बघणाऱ्याला म्हणतो, ‘हे तुलाही जमेल.’ आणि जमतंही. गणपतीत, वरातीत, पन्नाशीतले बापे आजही ज्या पद्धतीनं नाचतात, तो नाच पडद्यावर आधी अमरावतीच्या ह्या माणसानं केला होता. रील्सवरच्या स्टेपही ह्याच तत्त्वावर बेतलेल्या असतात. अवघड असून चालत नाही, कारण ती लाखो लोकांना जमायला हवी.

सी. रामचंद्र हे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. 1947च्या ‘शहनाई’त ‘संडे के संडे’सारखं खट्याळ गाणं देणारे. ‘अलबेला’त त्यांनी बोंगो आणि क्लॅरिनेटची अशी काही मौज केली की ती आजही शिळी वाटत नाही. पुढं 1963 साली ‘ऐ मेरे वतन के लोगो’ची चालही ह्याच माणसानं लावली. दर 26 जानेवारीला आपण त्यांना त्या गाण्यासाठी आठवतो. डोळ्यांत पाणी आणणारं गाणं देणारा संगीतकार मोठा ठरला, आणि पाय हलवायला लावणारा तोच संगीतकार ‘हलकाफुलका’ ठरला. गाणी एकाच डोक्यातून आली होती.

‘अलबेला’नंतर वर्षभरात, 1952 साली, बा. वि. केसकर केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. मूळचे पुण्याचे, विद्वान, शास्त्रीय संगीताचे भक्त. चित्रपटगीतं उथळ आहेत, पाश्चात्त्य वळणाची आहेत, त्यांनी लोकांची अभिरुची बिघडते, असं त्यांचं मत होतं, आणि मत बजावायला त्यांच्याकडे आकाशवाणी होती. तिथली चित्रपटगीतं आक्रसत गेली. त्यांच्या जागी शास्त्रीय संगीत आणि खास बनवून घेतलेलं सुगम संगीत आलं. त्यांचा हेतू वाईट नव्हता. आकाशवाणीवर शास्त्रीय कलावंतांना जो आधार मिळाला त्यात केसकरांचा वाटा मोठा आहे.

पण लोकांनी काय केलं? लोकांनी रेडिओचा काटा सिलोनकडे फिरवला. अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ त्याच 1952च्या डिसेंबरात सुरू झाली. आपल्याच देशातली, आपल्याच माणसांनी बनवलेली गाणी ऐकायला लोक दुसऱ्या देशाचं स्टेशन लावत होते. शेवटी 3 ऑक्टोबर 1957ला आकाशवाणीनं विविध भारती सुरू केलं आणि गाणी घरी परतली. माझं ‘प्रायव्हेट सेशन’ म्हणजे त्या सिलोनचाच नातू. फरक एवढाच की तेव्हा मंत्री दिल्लीत होता. आता प्रत्येकानं आपापल्या डोक्यात एक केसकर बसवून घेतला आहे.

ज्या सुगम संगीताला केसकरांच्या काळात मान मिळाला, त्या मराठी भावगीताची सुरुवातही बघण्यासारखी आहे. बुलढाण्यातल्या मेहकरचे वकील-कवी ना. घ. देशपांडे ह्यांची ‘शीळ’ ही कविता 1930च्या दशकात जी. एन. जोशींनी गायली आणि तिची तबकडी निघाली. मराठी भावगीताचा इतिहास सांगताना तिचा उल्लेख टाळता येत नाही. तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपायची, म्हणून गाणंही तेवढ्यात संपायला लागलं. बैठकीत रात्रभर गाणाऱ्यांच्या परंपरेपुढं हा प्रकार किती चिमुकला वाटला असेल! यंत्राच्या मापाचं, तीन मिनिटांचं, प्रेमाबिमाचं गाणं. आज त्याच भावगीताच्या कार्यक्रमात निवेदक आवाज खाली आणून बोलतो आणि श्रोते डोळे मिटतात. साखरेचं गाणं जुनं झालं की त्याचा मुरंबा होतो, आणि मुरंब्याला कुणी नाव ठेवत नाही.

कॅनडाचा समीक्षक कार्ल विल्सन ह्यानं 2007 साली सेलीन डिऑनवर एक पुस्तक लिहिलं. ती त्याला अजिबात आवडत नव्हती, म्हणूनच लिहिलं. जगातले इतके लोक जिच्यासाठी रडतात ती मला का झेपत नाही, हा त्याचा प्रश्न. शोधता शोधता तो फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिअर बोर्द्यूपर्यंत पोचतो. बोर्द्यूचं म्हणणं थोडक्यात असं, की आपली आवड सांगते आपण कोण आहोत, आणि त्याहून जास्त सांगते आपण कोण नाही आहोत. मला हे पुस्तकात वाचायची खरं तर गरज नव्हती. तेल्हाऱ्याहून पुण्यात आलेल्या कुठल्याही पोराला ते पहिल्या सेमिस्टरमध्येच कळतं.

*

पहिल्या सेमिस्टरमध्ये मी दोन गोष्टी सोडल्या. ‘मले’, ‘तुले’ म्हणणं सोडलं आणि फोनमधली निम्मी गाणी उडवली. दोन्ही एकाच आठवड्यात. कुणी सक्ती केली नव्हती. होस्टेलवर एकदा ‘काऊन बे’ म्हणालो तेव्हा चार पोरं हसली, प्रेमानंच हसली. आणि मोबाइलवर एक नाचाचं गाणं वाजलं तेव्हाही तीच चार पोरं तसंच हसली. मला त्या दोन हसण्यांतला फरक कळला नाही. आजही कळत नाही. गाण्याची लाज आणि बोलीची लाज ही एकाच घरातली भावंडं आहेत असं मला वाटतं. ‘तू कुठून आलास ते दिसतंय’ एवढंच दोघी सांगत असतात.

बोलीत निदान एक सोय होती. वऱ्हाडीला साहित्यात मान आहे, पण कशासाठी? तेल्हारा तालुक्यातल्याच हिंगणीचे कवी विठ्ठल वाघ. त्यांचं तिफणीचं गाणं ‘अरे संसार संसार’ ह्या 1981च्या चित्रपटातून घराघरांत गेलं. ते मला फार आवडतं, आणि पुण्यात कुणी ‘तुमच्याकडचं काही ऐकव’ म्हटलं की मी तेच ऐकवतो. ऐकणारे गंभीर होतात. माती, तिफण, पाऊस, कष्ट. मग दुष्काळाचा विषय निघतो, मग कापसाच्या भावाचा, मग आत्महत्यांचा. पाच मिनिटांत मी, ज्यानं स्वतः कधी वखर धरला नाही, विदर्भाचा प्रतिनिधी झालेला असतो.

हे विषय खोटे नाहीत. पूर्णेच्या दोन्ही बाजूंना खारपाणपट्टा आहे, जिथं विहिरीचं पाणी पिकालाही चालत नाही आणि माणसालाही. सतीश मनवरांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ मी दोनदा बघितला आहे. नवऱ्यानं जिवाचं काही करून घेऊ नये म्हणून पोराला त्याच्यासोबत पाठवणारी त्यातली बायको मी विसरणार नाही. ही दुःखं सांगितलीच पाहिजेत.

पण ह्यातून एक सवय तयार झाली आहे. वऱ्हाडाचा फोटो म्हणजे भेगाळलेली जमीन आणि आभाळाकडे बघणारा शेतकरी. कॅमेरा पाऊस गेला की येतो, बोंडअळी आली की येतो. ज्या दिवशी माणसं नवे कपडे घालून मांडवात उभी असतात त्या दिवशी तो येत नाही, कारण त्यात बातमी नाही. चांगल्या अभिरुचीचीही आमच्याकडून हीच अपेक्षा असते. सुरेश भट अमरावतीचे, म्हणून वऱ्हाडानं गझलेतलं दुःख द्यावं. त्याच भटांनी ‘मलमली तारुण्य माझे’ लिहिलं, 1970च्या ‘घरकुल’साठी ते आशा भोसल्यांनी गायलं, चाल पुन्हा सी. रामचंद्रांची. सुखानं चिंब झालेलं गाणं आहे ते. पण ‘अमरावतीचे भट’ म्हणताना आपल्याला ते पटकन आठवत नाही.

ह्या सगळ्यानंतर ‘गुलाबी साडी’चा मुखडा परत ऐकला तेव्हा मला तो जरा वेगळा ऐकू आला. मी नटले आहे, मी छान दिसते आहे, आत्ता फोटो काढ. सातपुड्याच्या ह्याच रांगेच्या पायथ्याशी, तिकडं जळगावला, कुणीतरी हे लिहिलं. त्याच्या मनात समाजशास्त्र असेल असं मी म्हणणार नाही. त्याला गाणं चालवायचं होतं. पण ज्या लोकांचा फोटो संकटातच काढला जातो, त्यांच्या तोंडी हे शब्द बसतात तेव्हा त्यात एक मागणी येतेच. आम्ही सुखात असतानाही बघा, एवढी साधी मागणी.

कोरडवाहू मुलखात गोडाचं जेवण रोज नसतं. पुरणपोळी सणाला, बुंदी लग्नाच्या पंगतीत. गोडाला जिथं दिवस ठरलेला असतो तिथं ते खाताना कुणी अपराधी वाटून घेत नाही. ते अपराधीपण शहरात, रोज साखर मिळायला लागली की येतं. गाण्याचंही तसंच असावं. आम्हाला आता चोवीस तास गाणी मिळतात, म्हणून आम्ही त्यांच्या कॅलरी मोजतो.

*

म्हणून काय सगळं गोड ते चांगलं? नाही. इथं मला स्वतःच्याच युक्तिवादाची भीती वाटते, कारण ‘लोकांचा आनंद आहे’ म्हटलं की काहीही खपवता येतं. डीजेच्या भिंतीपुढं उभं राहिल्यावर गाणं चांगलं की वाईट हा प्रश्नच राहत नाही. छाती थरथरते आणि शेजारच्या घरातलं म्हातारं माणूस कानांवर उशी दाबून बसतं. त्याला आनंद म्हणणं म्हणजे त्या म्हाताऱ्याला माणसांत न धरणं.

आणि ‘झिंगाट’चं काय? 2016 साली ‘सैराट’ आला तेव्हा लोक थिएटरात उठून नाचले. अजय-अतुलचं ते गाणं उसळण्याच्या बाबतीत मराठीत शिखरावर आहे, ह्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. गंमत म्हणजे ते कुणाचंच चोरटं सुख नव्हतं. प्राध्यापक त्यावर नाचले, समीक्षकांनी त्यावर लिहिलं. कारण त्या गाण्याला पुढच्या शोकांतिकेचा दाखला जोडलेला होता. नागराज मंजुळेंनी आधी आपल्याला आर्ची-परशासोबत नाचवलं आणि मग शेवटी त्यांचं रक्तात माखलेलं घर दाखवलं. तो आनंद शेवटच्या दृश्याची किंमत वाढवतो, म्हणून तो ‘अर्थपूर्ण’.

त्यानंतर ते गाणं वरातींत गेलं. कुंडली, पोटजात, सोनं सगळं जुळवून ठरवलेल्या लग्नांच्या वरातींत. जात मोडली म्हणून जीव गेलेल्या दोन पोरांच्या चित्रपटातल्या गाण्यावर, जात नीट सांभाळून जमलेले लोक बेभान नाचतात, आणि त्यात मीही नाचलो आहे. तेव्हा मला अपराधी वाटलं नाही. वाटायला हवं होतं तिथं वाटलं नाही, आणि एका बाईनं फोटो काढायला सांगितल्याच्या गाण्यावर मात्र मी खोटं बोललो. ‘चोरटं सुख’ ह्या शब्दातली मोठी अडचण ही आहे. तो आपल्याला चुकीच्या ठिकाणी लाजायला शिकवतो. चाल साधी आहे म्हणून लाजा, शब्द गावठी आहेत म्हणून लाजा. पण गाणं कुणाला ताटात वाढतंय, ते कुणाच्या मांडवात वाजतंय, नाचताना आपण काय विसरतोय, हे त्या लाजेच्या यादीतच नाही.

माझ्यापुरती मी आता ती यादी बदलली आहे. गोड गाणं ऐकताना ते किती गोड आहे हे मी बघत नाही. त्यात मला जागा आहे का, आणि माझ्या जागेसाठी दुसऱ्या कुणाला खाली बसवलंय का, एवढं बघतो. ‘गुलाबी साडी’ ह्या कसोटीवर बऱ्यापैकी उतरतं. पूर्ण नाही. फोटो शेवटी तिच्या ‘राजा’नंच काढायचा आहे, आणि रीलवर आलेल्या प्रत्येक गुलाबी साडीवर गोरं करणारा फिल्टर असतोच. त्या बायकांनी नटून, नाचून, फुकट केलेल्या कामावर कंपन्या जाहिराती विकतात, हेही मला धंद्यामुळं माहीत आहे. पण ताटातून कॅमेऱ्यापुढं येणं हा प्रवास काही अगदीच छोटा नाही.

*

गेल्या उन्हाळ्यात मावसभावाचं लग्न होतं, तेल्हाऱ्यात. शेगावला गाडीतून उतरलो तर सकाळी नऊलाच रस्ता तापलेला. हळदीच्या संध्याकाळी दोन मोठे कूलर मांडवाच्या तोंडाशी लावले होते आणि त्यांच्या घरघरीवर मात करायला स्पीकरचा आवाज वाढवला होता. आठ-दहा गाण्यांनंतर ‘गुलाबी साडी’ लागलं. मी सवयीनं खुर्चीत बसून राहिलो, चेहऱ्यावर जरासं पुणेरी हसू ठेवून.

मावशी उठली. वय पंचावन्नच्या आसपास, गुडघे दुखतात, साडी गुलाबी नाही, मोरपंखी. दोन-तीन पोरींनी तिला मधे ओढलं. ती नाचली म्हणजे गुडघे थोडे वाकवून, हात अधांतरी धरून जागच्या जागी डुलली. ‘अलबेला’ तिनं बघितला असेल असं मला वाटत नाही. गाणं संपल्यावर पदरानं घाम पुसत ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “बाबू, माहा एक फोटो काढ बरं. एकटीचा.”

काढला. मग तिचा फोन माझ्या हातात दिला, ‘याच्यात टाकून दे’ म्हणून. टाकताना तिची गॅलरी दिसली. आधार कार्ड. पीक विम्याची पावती. बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान. नातवंडं. कुणाच्या तरी लग्नातला वीस बायकांचा ग्रुप, ज्यात ती मागच्या रांगेत अर्धी. एकटीचा फोटो एकच होता, पांढऱ्या भिंतीपुढं, चेहरा ताणलेला, कुठल्यातरी फॉर्मसाठी काढलेला.

मी विचारलं, “मावशी, हे गाणं आवडते का तुले?” बऱ्याच वर्षांनी ‘तुले’ म्हणालो, ते माझ्या नंतर लक्षात आलं.

तिनं क्षणभर विचार केला. “गाण्यात काई दम नाई,” ती म्हणाली. “एकच एक गोष्ट मने रायते. पण नाचाले बरं हाय.”

एवढं बोलून ती पंगतीकडं गेली. तिची समीक्षा माझ्या ह्या सगळ्या लेखापेक्षा नेमकी होती, आणि ती सांगताना तिला कसली चोरी वाटली नव्हती. मोरपंखी साडीतला तो फोटो गेले वर्षभर तिच्या व्हॉट्सॲपवर डीपी म्हणून आहे.